भेसळीच्या डेटावर कॉन्फिडन्स इंटरव्हल कसा काढायचा: न्यूकॉमच्या ६६ आकड्यांवर हात चालवून

डेटात दोन-चार वेडेवाकडे आकडे दिसले (ह्यालाच मी भेसळ म्हणतोय) की बरेच जण सरासरी सोडून मीडियन घेतात (शाळेत ज्याला मध्यक म्हणायचे तोच) आणि झालं, आपण रोबस्ट (अशा आकड्यांनी न हलणारे) झालो असं समजतात. मधला आकडा सुधारला हे खरंय. पण त्याच्या दोन्ही बाजूंना जी रुंदी लावायची, म्हणजे कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी किंमत ज्यात ठराविक खात्रीने, इथे ९५ टक्के, सापडावी असा पल्ला), ती जुन्याच फॉर्म्युल्याने काढतात नाहीतर आउटलायर (बाकीच्यांपासून फार लांब पडलेले आकडे) उडवून उरलेल्या आकड्यांवर काढतात, आणि खरा घोळ तिथे होतो. म्हणून इथे सगळा भर रुंदीवर आहे. कागद-पेन किंवा एक्सेल घेऊन बसा, आकडे सगळे देतोय, प्रत्येक पायरी स्वतः करून बघता येईल.

आधी डेटा

१८८२ मध्ये सायमन न्यूकॉम ह्या खगोलशास्त्रज्ञाने अमेरिकेत प्रकाशाचा वेग मोजला. वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीच्या एका बाजूला फोर्ट मायरवर फिरता आरसा, पलीकडे वॉशिंग्टन मॉन्युमेंटच्या पायथ्याशी दुसरा आरसा, प्रकाश जाऊन परत येणार, एकूण अंतर साधारण ७४०० मीटर. वेळ लागायचा २४,८०० नॅनोसेकंदांच्या जरासा वर, म्हणून टेबलात फक्त "२४,८०० च्या वर किती" एवढंच लिहितात. २८ म्हणजे २४,८२८ नॅनोसेकंद. अशी ६६ रीडिंग्ज, चढत्या क्रमाने लावली तर:

उणे ४४, उणे २, १६ दोनदा, १९, २०, २१ दोनदा, २२ दोनदा, २३ तीनदा, २४ पाचदा, २५ पाचदा, २६ पाचदा, २७ सहादा, २८ सातदा, २९ पाचदा, ३० तीनदा, ३१ दोनदा, ३२ पाचदा, ३३ दोनदा, ३४, ३६ चारदा, ३७, ३९, ४०.

बघताक्षणी कळतं की ६४ आकडे १६ ते ४० मध्ये गुण्यागोविंदाने बसलेत आणि दोन भलतीकडेच आहेत. न्यूकॉमलाही ते दिसलंच. त्याने उणे ४४ काढून टाकला, उणे २ ठेवला, आणि ६५ आकड्यांची सरासरी घेतली, २७.२९. आता हा का काढला आणि तो का ठेवला? दोन्ही ठेवले तर सरासरी २६.२१, दोन्ही काढले तर २७.७५. एकच डेटा, उत्तरं तीन, आणि फरक फक्त कोणाचा हात कुठे थांबला एवढाच.

म्हणून सगळ्यात पहिलं काम कॅल्क्युलेटरला हात लावायच्या आधीचं: कोणती पद्धत वापरणार आणि किती भेसळ गृहीत धरणार हे डेटा बघण्याआधी वहीत लिहून ठेवा. नंतर ठरवलं तर मन आपोआप सोयीच्या उत्तराकडे झुकतं, माझंही झुकतं.

पहिली पायरी: नेहमीचा इंटरव्हल काढून ठेवा

वापरण्यासाठी नाही, तुलनेसाठी. सरासरी २६.२१, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १०.७५, भागिले ६६ चं वर्गमूळ म्हणजे ८.१२, स्टँडर्ड एरर (सरासरी स्वतः किती डळमळू शकते त्याचं माप) आला १.३२. ६५ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (६६ वजा १) टी-टेबलात २.०० मिळतं, एररला त्याने गुणून दोन्ही बाजूंना लावलं तर इंटरव्हल २३.५७ ते २८.८५. रुंदी ५.३.

आता दोन्ही आउटलायर काढून तेच करा. सरासरी २७.७५, स्टँडर्ड डेव्हिएशन थेट ५.०८ वर उतरतं, इंटरव्हल २६.४८ ते २९.०२, रुंदी २.५. म्हणजे ६६ पैकी २ आकडे, तीन टक्केच, पण त्यांनी रुंदी दुप्पट करून ठेवली होती. बघा, सरासरी जेमतेम दीडने सरकली आणि स्टँडर्ड डेव्हिएशन मात्र दुपटीहून फुगलं, कारण तिथे अंतराचा वर्ग होतो. भेसळीचा पहिला मार बसतो तो स्प्रेडला.

हे जॉन टुकी ह्या संख्याशास्त्रज्ञाने १९६० मध्ये छान दाखवलं होतं. समजा ९० टक्के आकडे नॉर्मल आहेत आणि १० टक्के त्याच मध्याभोवती पण तिप्पट पसरलेले, तर व्हेरियन्स (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग) १ चा १.८ होतो. असा डेटा ग्राफवर बघितला तर साध्या डोळ्यांना काही वावगं दिसतही नाही.

दुसरी पायरी: आउटलायर शोधायला स्टँडर्ड डेव्हिएशन वापरू नका

तीन सिग्माचा नियम (सरासरीपासून तीन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या पलीकडे तो आउटलायर) सगळ्यांना पाठ असतो. लावून बघा. उणे २ चं सरासरीपासून अंतर २८.२, भागिले १०.७५, उत्तर २.६. तीनच्या आत! म्हणजे नियमाप्रमाणे उणे २ हा अगदी सज्जन आकडा. कारण उणे ४४ ने स्टँडर्ड डेव्हिएशन एवढं ताणून ठेवलंय की त्याच्या आडोशाला उणे २ लपून बसतो. मोठ्या चोरामागे छोटा चोर. इंग्रजीत ह्याला मास्किंग म्हणतात.

त्याऐवजी मॅड काढा, मीडियन ॲब्सोल्यूट डेव्हिएशन. आधी मीडियन: ६६ आकडे, तेहतिसावा आणि चौतिसावा दोन्ही २७, तर मीडियन २७. मग प्रत्येक आकड्याचं २७ पासून अंतर, चिन्ह सोडून द्या. अंतर शून्य असलेले ६, एकचे १२, दोनचे १०, तीनचे ८. मोजत जा: ६, १८, २८, ३६. तेहतिसावं आणि चौतिसावं अंतर तीनच्या ढिगात पडतं, म्हणून मॅड ३. ह्याला १.४८२६ ने गुणायचं म्हणजे नॉर्मल डेटाच्या स्टँडर्ड डेव्हिएशनशी माप जुळतं: ४.४५. आता उणे २ हा ६.५ पट लांब आणि उणे ४४ तब्बल १६ पट लांब. दोघेही उघडे.

इथे एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. आर ह्या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमधलं मॅड फंक्शन १.४८२६ चा गुणाकार आपणहून करतं, पायथनच्या सायपाय लायब्ररीमधलं करत नाही, तिथे स्केल नावाचं सेटिंग मुद्दाम द्यावं लागतं. एकाच डेटावर दोघांनी दोन आकडे आणले म्हणून भांडणं होतात ती बहुतेक ह्याच्यावरून.

पण सापडले म्हणून लगेच डिलीट करू नका. आधी विचारा तो आकडा आला कुठून. मी पूर्वी ज्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीला होतो तिथे रीडिंग पेनाने वहीत लिहायचे आणि संध्याकाळी कोणीतरी ते एक्सेलमध्ये चढवायचं, त्यात १२.४ चं १२४ व्हायचं. वही उघडली की पाच मिनिटांत सुटायचं. दुरुस्त करता येत असेल तर दुरुस्त करा, स्टॅटिस्टिक्सची गरजच नाही. आणि कधीकधी लांबचा आकडाच खरा असतो: २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो काही टायपिंग मिस्टेक नव्हता. नाले किती रुंद हवेत हे ठरवायचं असेल आणि तुम्ही तोच आकडा ट्रिम केलात, म्हणजे छाटलात, तर तुमचं स्टॅटिस्टिक्स कितीही रोबस्ट असो, पाणी घरात येणार. खाली जे काही आहे ते मधल्या टिपिकल आकड्यासाठी आहे, टोकांसाठी नाही.

तिसरी पायरी: मीडियनचा इंटरव्हल, फक्त मोजून

ही पद्धत मला सगळ्यात आवडते कारण हिला स्टँडर्ड डेव्हिएशन लागत नाही, नॉर्मल कर्व्हवर विश्वासही लागत नाही. कल्पना नाणेफेकीची आहे. प्रत्येक रीडिंग खऱ्या मीडियनच्या खाली पडायची शक्यता निम्मी, तर ६६ पैकी किती खाली पडतील ह्याचा हिशोब ६६ वेळा नाणं उडवण्यासारखाच. सरासरी ३३, स्प्रेड म्हणजे ६६ च्या वर्गमूळाचा अर्धा, ४.०६. त्याला १.९६ ने (९५ टक्के खात्रीचा गुणक) गुणा, ७.९६. ३३ वजा ७.९६ म्हणजे २५.०४, खाली उतरवून २५. तर खालचं टोक पंचविसावा आकडा, वरचं टोक वरून पंचविसावा, म्हणजे बेचाळिसावा. यादीत बोट ठेवून मोजा: पंचविसावा २६, बेचाळिसावा २९.

इंटरव्हल २६ ते २९, खात्री सुमारे ९६ टक्के. संपलं. उणे ४४ च्या जागी चुकून उणे ४४०० टाइप झालं असतं तर सरासरी उणे ३९.८ वर गेली असती, हा इंटरव्हल केसभरही हलला नसता.

तोटा? डेटा खरोखर स्वच्छ आणि नॉर्मल असेल तर मीडियन बरीच माहिती वाया घालवतो, मोठ्या सॅम्पलला त्याची एफिशियन्सी सरासरीच्या ६४ टक्केच. आणि छोट्या सॅम्पलला ही पद्धत अडते. पाच रीडिंग असतील तर सगळ्यात लहान ते सगळ्यात मोठा असा आख्खा पल्ला घेतला तरी खात्री ९३.७५ टक्केच होते, ९५ चा इंटरव्हल निघतच नाही. सहाला निघतो, पण तो पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतच असतो, म्हणजे एक जरी खडा (भेसळीचा आकडा) असला तरी तोच तुमचं टोक होणार. दोन्हीकडचा एकेक आकडा सोडून ९५ टक्के मिळायला किमान ९ रीडिंग लागतात. मीडियन ५० टक्के भेसळ सहन करतो असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते मधल्या आकड्याबद्दल आहे, इंटरव्हलबद्दल नाही! आपल्या ६६ मध्ये एका बाजूला २४ पर्यंत खडे चालतील, म्हणजे ३६ टक्के. सहामध्ये शून्य.

चौथी पायरी: ट्रिम्ड मीन, आणि इथेच सगळे चुकतात

दोन्ही टोकांचे २० टक्के आकडे सोडायचे आणि मधल्यांची सरासरी घ्यायची. ६६ चे २० टक्के १३.२, म्हणून खालचे १३, वरचे १३ गेले, उरले ४०, त्यांची बेरीज १०९४, सरासरी २७.३५. इथपर्यंत सोपं.

आता रुंदी. सरळ विचार असा की उरलेल्या ४० आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन घ्या, ४० च्या वर्गमूळाने भागा, झालं. करून बघू: डेव्हिएशन २.२७, एरर ०.३६, इंटरव्हल २६.६ ते २८.१. किती सुंदर अरुंद इंटरव्हल! आणि साफ खोटा. कारण हे ४० काही कुठूनही उचललेले ४० आकडे नाहीत, ६६ मधून मुद्दाम निवडलेले मधले ४० आहेत, त्यांचा स्प्रेड कमी असणारच. परीक्षेत वरची आणि खालची मुलं बाहेर काढून "आमच्या वर्गात सगळ्यांना सारखेच मार्क पडतात" म्हणण्यासारखं आहे हे.

बरोबर पद्धत टुकी आणि मॅक्लॉफ्लिन यांनी १९६३ मध्ये दिली, आणि ती छापून आली कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या "संख्या" ह्या जर्नलमध्ये, म्हणजे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी सुरू केलेल्या. त्यात आकडे काढून टाकायचे नाहीत, आत ओढायचे. ह्याला विन्सराइझ करणं म्हणतात. खालचे १३ आकडे चौदाव्याइतके करा, तो आहे २४. वरचे १३ वरून चौदाव्याइतके करा, तो ३२. उणे ४४ झाला २४, ४० झाला ३२, पण एकूण संख्या ६६ च राहिली. ह्या ६६ चं स्टँडर्ड डेव्हिएशन ३.१०.

मग त्याला ०.६ गुणिले ६६ चं वर्गमूळ, म्हणजे ४.८७ ने भागायचं. ०.६ कुठून? दोन्हीकडचे २०-२० टक्के गेल्यावर उरलेला भाग. एरर ०.६४. डिग्रीज ऑफ फ्रीडम ४० वजा १, ३९, टी २.०२. इंटरव्हल २६.०६ ते २८.६४.

मघाच्या खोट्या इंटरव्हलची रुंदी १.५ होती, ह्याची २.६. जवळजवळ दुप्पट. मला कोणी ट्रिम्ड मीनचा रिपोर्ट आणून दिला की मी आधी हेच बघतो, मधला आकडा नंतर.

सॉफ्टवेअरचा इथलाही खड्डा सांगून ठेवतो: आर आणि सायपायमध्ये ट्रिम ०.२ म्हणजे प्रत्येक टोकाचे २० टक्के, एक्सेलच्या ट्रिममीनमध्ये ०.२ म्हणजे दोन्ही मिळून २०, एकेका बाजूचे १० च. एक्सेलमध्ये हेच उत्तर हवं असेल तर ०.४ टाका.

ह्यूबर आणि बूटस्ट्रॅप, थोडक्यात

पीटर ह्यूबरने १९६४ मध्ये मधला मार्ग काढला: जवळच्या आकड्यांना पूर्ण वजन, लांबच्यांना अंतर वाढेल तसं कमी. मर्यादा १.५ गुणिले ४.४५ म्हणजे ६.६७ ठेवली आणि दोन-तीनदा फिरवलं की उत्तर २७.३९ वर थांबतं. २१ ते ३४ मधल्या सगळ्यांना वजन १, उणे २ ला ०.२३, उणे ४४ ला ०.०९. एरर पुन्हा ०.६४, इंटरव्हल साधारण २६.१ ते २८.७. ट्रिम्ड मीनशी किती जुळतंय बघा. रिग्रेशन (एका राशीवरून दुसरीचा अंदाज) असेल तर ह्यूबरची पद्धत पुढे नेता येते म्हणून ती शिकावी, नुसता एक कॉलम असेल तर मी तरी ट्रिम्ड मीनवरच थांबतो, समोरच्याला समजावून सांगता येतो. (आरच्या मास पॅकेजमध्ये ह्यूबर नावाचं फंक्शन आहे आणि न्यूकॉमचा हाच डेटाही आहे.)

बूटस्ट्रॅपबद्दल (हातातल्याच आकड्यांतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या उचलून रुंदी काढायची पद्धत) एकच. साध्या सरासरीवर बूटस्ट्रॅप केल्याने ती रोबस्ट होत नाही. ६६ आकडे पुन्हा पुन्हा उचलताना साधारण ३७ टक्के वेळा उणे ४४ येतच नाही, बाकी वेळा एकदा, दोनदा, तीनदा येतो, आणि हिस्टोग्राम उंटाच्या पाठीसारखा होतो. बूटस्ट्रॅप करायचाच असेल तर ट्रिम्ड मीनवर करा.

पाचवी पायरी, जी बहुतेक लेखांत नसते: भेसळीची खोट रुंदीत धरा

आतापर्यंतचे इंटरव्हल एक गोष्ट गृहीत धरतात, की खडे दोन्ही बाजूंना सारखे पडतात, किंवा इतके कमी आहेत की मध्य सरकत नाही. पण न्यूकॉमचे दोन्ही खडे खालीच आहेत. भेसळ एकाच बाजूची असेल तर मीडियनही थोडा सरकतो, आणि हे सरकणं रीडिंग वाढवून कमी होत नाही. लाख रीडिंग घ्या, इंटरव्हल सुईच्या टोकाएवढा होईल आणि चुकीच्या जागी टोचेल.

उपाय सोपा आहे. समजा १० टक्क्यांपर्यंत भेसळ असू शकते असं तुम्ही आधीच लिहून ठेवलंय. भेसळ कुठेही पडली तरी स्वच्छ डेटाचा मध्य ह्या मिसळलेल्या डेटाच्या ४५ आणि ५५ टक्क्यांच्या टप्प्यांमध्येच असणार, कारण १० टक्के खडे सगळे खाली गेले तर तो ५५ वर, सगळे वर गेले तर ४५ वर. तर खालचं टोक ४५ च्या हिशोबाने मोजायचं, वरचं ५५ च्या. ६६ चे ४५ टक्के २९.७, स्प्रेड म्हणजे ६६ गुणिले ०.४५ गुणिले ०.५५ चं वर्गमूळ, ४.०४, गुणिले १.९६ म्हणजे ७.९२, वजाबाकी २१.७८, खाली उतरवून २१. एकविसावा आकडा २५. वरून एकविसावा म्हणजे सेहेचाळिसावा, २९.

इंटरव्हल २५ ते २९. तिसऱ्या पायरीत २६ ते २९ होता, म्हणजे वाढ झाली ती एकाने आणि फक्त खाली. रिपोर्टमध्ये मी हाच देईन, आणि शेजारी लिहीन: "१० टक्क्यांपर्यंत भेसळ धरून, मीडियन, ६६ रीडिंग, एकही काढलेलं नाही."

तो १० चा आकडा आणायचा कुठून असं विचाराल, तर डेटातून नाही. जुन्या वह्या बघा, मागच्या वर्षी किती रीडिंग नंतर चुकीची निघाली ते मोजा, ऑपरेटरला विचारा. भेसळीचं प्रमाण माहीत नाही आणि तरी कोणत्याही परिस्थितीत टिकेल असा इंटरव्हल हवा असा हट्ट धरला तर तो फारच रुंद ठेवावा लागतो, हे गणितानेच सिद्ध झालंय. काहीतरी वरची मर्यादा कबूल करणं परवडतं.

आता एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. प्रकाशाच्या वेगाची आजची किंमत घेऊन न्यूकॉमच्या ह्याच अंतरासाठी उलट गणित केलं तर खरा आकडा येतो ३३.०. वर काढलेला एकेक इंटरव्हल परत बघा. २८.८५, २९.०२, २९, २८.६४, २८.७, परत २९. ३३ पर्यंत एकही पोचत नाही, आणि ते दोन आउटलायर काढूनही पोचत नाही, कारण इथे चूक दोन आकड्यांत नव्हती, ६६ च्या ६६ आकड्यांत थोडी थोडी होती. रोबस्ट पद्धतीला ती दिसूच शकत नाही. आमच्या वर्कशॉपमध्ये एकदा एका शाफ्टची चाळीस रीडिंग घेतली होती, एकमेकांशी अशी जुळत होती की मॅड काढायचीही गरज नव्हती, खडा एकही नाही. दुपारी कोणीतरी सहज स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) लावून बघितली तेव्हा कळलं की सकाळपासून मायक्रोमीटरचा झीरोच ०.०२ ने सरकलेला होता.